निळ्या किरणांना आडोसा

औषधांच्या दुकानांतून अलीकडे एका नव्या प्रकारची मलमे दिसू लागली आहेत. मोबाइलच्या आणि संगणकाच्या निळ्या प्रकाशापासून ती त्वचेचे रक्षण करतात, असे त्यांच्या वेष्टनावर छापलेले असते, आणि त्या एका ओळीपायी किंमतही चढलेली असते. दिवसभर कचेरीत संगणकापुढे बसणारी आणि गालांवर वांगाचे डाग उमटू लागल्यामुळे धास्तावलेली एखादी मध्यमवयीन स्त्री ते मलम विकत घेते. मग दुकानाबाहेर पडून भर दुपारच्या उन्हात, डोक्यावर छत्री नसताना, अर्धा तास बसची वाट पाहत उभी राहते. निळ्या प्रकाशाने डाग वाढतात, ही तिने ऐकलेली गोष्ट खोटी नाही. मात्र तो प्रकाश मुख्यतः कोठून येतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

डोळ्यांना दिसणारा प्रकाश सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा बनलेला असतो. त्यांतील ४०० ते ५०० पर्यंतचा पट्टा जांभळ्या-निळ्या रंगाचा. त्याच्या अलीकडे, डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. जुन्या मराठी पुस्तकांत त्यांनाच जंबुपार किरण म्हणत. योहान विल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ मध्ये, रुप्याचा क्षार या अदृश्य किरणांनी काळा पडतो हे पाहून, त्यांचा शोध लावला. पुढे त्वचा भाजणे, रापणे, तिचा कर्करोग होणे यांचा संबंध या किरणांशी जुळला. तो बरोबरच होता. पण त्यामुळे झाले असे, की दिसणारा प्रकाश त्वचेला निरुपद्रवी आहे, हे जवळजवळ गृहीतच धरले गेले.

वस्तुतः निळा प्रकाश त्वचेत शिरून तेथे रासायनिक बदल घडवतो, हे वैद्यकाला बऱ्याच आधी कळले होते, आणि तेही एका उपकारक अनुभवातून. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ मध्ये, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेणाऱ्या एका परिचारिकेच्या ध्यानात आले, की काविळीने पिवळ्या पडलेल्या बाळाची उघडी त्वचा फिकी झाली आहे. चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला भाग मात्र पिवळाच राहिला आहे. त्या निरीक्षणाचा पाठपुरावा तेथील डॉक्टरांनी केला आणि १९५८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तातील बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निळा प्रकाश शोषते आणि शरीराला सहज बाहेर टाकता येईल अशा रूपात बदलते. आज नवजात बालकांच्या कक्षांत डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली निजवलेली बाळे दिसतात, ती या शोधामुळेच. तेव्हा निळा प्रकाश हा काही सरसकट शत्रू नव्हे. तो किती, कोणाच्या त्वचेवर आणि किती वेळ पडतो, यावर सारे अवलंबून आहे.

त्यांपैकी ‘कोणाच्या त्वचेवर’ हा प्रश्न भारतीयांच्या विशेष जवळचा आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या आणि सावळ्या अशा दोन्ही प्रकारच्या त्वचेवर दृश्य प्रकाश पाडून पाहिला असता, गोऱ्या त्वचेवर काळेपणा आलाच नाही. सावळ्या त्वचेवर मात्र तो आला, आणि लांब लहरींच्या अतिनील किरणांनी आलेल्या काळेपणापेक्षा गडद होऊन अधिक काळ टिकला. पुढे, हे काम तांबड्या प्रकाशाचे नसून जांभळ्या-निळ्या प्रकाशाचे आहे, हेही दिसून आले. फ्रान्समधील नीस येथील संशोधकांनी २०१८ मध्ये त्याचे कारण दाखवून दिले. त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींत ऑप्सिन-३ नावाचे एक प्रथिन असते. डोळ्याला प्रकाश जाणवतो तो ज्या प्रथिनांमुळे, त्यांच्याच कुळातले हे. निळा प्रकाश पडताच ते पेशीला सूचना देते, आणि पेशी रंगद्रव्य तयार करू लागते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. सावळेपणा हा रोग नव्हे. मेलॅनिन हे रंगद्रव्य उष्ण प्रदेशांतील माणसाला अतिनील किरणांविरुद्ध मिळालेले कवच आहे. सावळ्या विठ्ठलापुढे माथा टेकणाऱ्या समाजाने सावळ्या मुलीला मात्र उणे लेखावे, ही विसंगती जुनीच आहे आणि तिचे औषध मलमात नाही. वांगाची गोष्ट वेगळी. गरोदरपणात किंवा संप्रेरकांच्या फेरबदलामुळे काही स्त्रियांच्या गालांवर व कपाळावर तपकिरी डाग उमटतात; पुरुषांनाही ते होतात. जिवाला त्यांचा धोका नाही, परंतु भेटेल त्याच्या प्रश्नांनी मन खचते. अशा वेळी शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम महिनोन्‌महिने चोळले जाते. प्रारंभी चेहरा उजळल्यासारखा वाटतो. मग कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि मलम बंद करताच चेहरा लाल होऊन आग होते. असे मलम डॉक्टरांनी लिहून दिल्यावाचून लावू नये.

आता संगणकाच्या पडद्याविषयी. पडद्यातून निळा प्रकाश येतो, हे खरे. परंतु दुपारच्या उन्हातील निळा प्रकाश त्याच्या शेकडो पटींनी अधिक असतो. फ्रान्समध्येच, वांग असलेल्या काही व्यक्तींना रोज आठ तास याप्रमाणे पाच दिवस प्रखर पडद्याच्या प्रकाशात बसवून पाहिले. अभ्यास लहान होता. पण त्यांचे डाग वाढले नाहीत, असा त्याचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री उशिरापर्यंत पडद्याकडे पाहत बसल्याने झोपेची हानी होते, म्हणून तो दूर ठेवावा हे योग्यच; पण त्वचेच्या भयाने त्यासाठी वेगळे मलम घेण्याचे कारण नाही.

उन्हातील निळ्या प्रकाशाला मात्र आडोसा हवा. मलमावरील एसपीएफचा आकडा त्वचा लाल करणाऱ्या अतिनील किरणांपुरता असतो. निळ्या प्रकाशाविषयी तो काहीच सांगत नाही. चेहऱ्यावर दिसू नये इतके पारदर्शक मलम दृश्य प्रकाशही बराचसा आत जाऊ देते. तो अडवण्याचे काम चांगले करतात ती लोहाची ऑक्साइडे, म्हणजे गेरूला आणि काव्याला ज्यांच्यामुळे रंग येतो तीच द्रव्ये. ती मिसळलेले मलम त्वचेच्या रंगाचे दिसते. मेक्सिकोतील २०१४ च्या एका अभ्यासात, वांगावर एकच औषध घेणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांनी असे रंगीत मलम लावले, त्यांना नुसते अतिनील किरण अडवणारे मलम लावणाऱ्यांपेक्षा अधिक गुण आला. याचा अर्थ भिंतीचा गेरू चेहऱ्याला फासावा असा नव्हे. त्यात काय मिसळलेले असेल, याचा नेम नसतो.

मलमापेक्षा कापड स्वस्त आणि भरवशाचे. त्याची परीक्षा कोणालाही करता येते: कापड उजेडासमोर धरावे, आरपार उजेड दिसला तर निळा प्रकाशही त्यातून येतो. घट्ट विणीचा, गडद रंगाचा पदर किंवा उपरणे या परीक्षेत उतरते, विरळ ओढणी उतरत नाही. खिडकीची साधी काच त्वचा भाजणारे किरण अडवते, पण निळा प्रकाश आत सोडते. म्हणून खिडकीशी बसून रोज लांबचा प्रवास करणाऱ्याने पडदा ओढून घ्यावा. सावलीतही तारतम्य आहे. आकाश निळे दिसते ते हवेतील रेणू निळा प्रकाश सर्वत्र विखुरतात म्हणून. त्यामुळे उघड्या आकाशाखालच्या भिंतीच्या सावलीतही तो पोचतोच. दाट आंब्याखाली किंवा खोल पडवीत वर आकाश दिसत नाही, तेथील सावली खरी. जुन्या घरांतील पडव्या आणि ओसऱ्या बांधणाऱ्यांना या लहरींचे गणित ठाऊक नव्हते. दुपारी कोठे बसावे, हे मात्र ठाऊक होते.

परंतु पडवीत बसणे सर्वांच्या हाती नसते. रस्त्यावर खडी पसरणारी बाई, चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, पाटीपुढे बसलेली भाजीवाली यांच्या त्वचेवर दिवसाचे कित्येक तास जो प्रकाश पडतो, त्यापुढे कचेरीतील पडद्याचा प्रकाश अगदीच किरकोळ आहे. आणि महागडे रंगीत मलम त्यांच्यापर्यंत पोचणे सर्वांत कठीण. त्यांच्यासाठी रक्षणाचा अर्थ निराळा आहे: बसथांब्यावर पुरेसे रुंद छप्पर, रस्तारुंदीत न तोडलेले झाड, कामाच्या जागी एक ताडपत्री, उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन थांबवलेले काम. या गोष्टी दुकानात मिळत नाहीत. त्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आणि ठेकेदाराच्या करारात लिहाव्या लागतात. मलम घेऊन बसची वाट पाहणाऱ्या त्या स्त्रीलाही, थांब्यावर एखादे जुने कडुनिंबाचे झाड राखलेले असते, तर मलमाआधी त्याचाच उपयोग झाला असता.