सुखतळ्याचा हिशेब

(परिचारिका दिनानिमित्त भातकुली येथे झालेल्या कार्यक्रमात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून मी दरवर्षी जमाखर्च वाचून दाखवितो आणि आपण तो सहनशीलतेने ऐकून घेता. आज मी सबंध ताळेबंद वाचणार नाही. त्यातील एकाच नोंदीविषयी बोलणार आहे. ही नोंद ‘किरकोळ खर्च’ या सदराखाली असल्याने आपल्यापैकी बहुतेकांच्या नजरेतून ती निसटली असेल. नोंद आहे सुखतळ्यांची. पादत्राणाच्या आत, तळपायाला लागून जो थर असतो त्याला आपल्या भाषेत सुखतळा म्हणतात. बाजारात हल्ली त्याला इनसोल म्हणतात. जुन्या शब्दातच त्या वस्तूचे प्रयोजन सांगितलेले आहे, म्हणून मी तोच वापरीन.

काही वर्षांपूर्वी आमच्या मुख्य परिचारिका माझ्याकडे एक अर्ज घेऊन आल्या. आठ-आठ, प्रसंगी बारा तास उभे राहून काम करणाऱ्या परिचारिका व मावशी यांना गणवेशाबरोबर जे बूट दिले जातात त्यांचा तळ दगडासारखा आहे, तरी आत घालावयास चांगले सुखतळे मिळावेत, एवढीच त्यांची मागणी होती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कोणताही खर्च समोर आला की तो कोणत्या सदरात बसतो हे प्रथम पाहावे, अशी मला सवय. सदर सापडले नाही. मी अर्जावर ‘सध्या तरतूद नाही’ असा शेरा मारला व तो खणात ठेवला.

त्याच पावसाळ्यात स्त्री-कक्षातील आमच्या एका मावशींच्या पायाला जखम झाली. त्यांना अनेक वर्षांपासून मधुमेह होता. बुटातील आतला थर झिजून फाटला होता व खालच्या शिवणीचा टोकदार भाग अंगठ्याशेजारच्या बोटाला घासत होता. त्यांना ते कळले नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा कळले. ज्या संस्थेत दिवसभर डॉक्टरांची ये-जा असते, त्याच संस्थेत त्या जखम घेऊन किती दिवस फिरल्या हे आजही नक्की सांगता येत नाही. शेवटी अमरावतीला नेऊन ते बोट काढावे लागले. नियमाप्रमाणे मी त्या रजेचा, औषधांचा व बदली कर्मचाऱ्याच्या वेतनाचा हिशेब केला. मागितलेल्या सर्व सुखतळ्यांच्या किमतीहून ती रक्कम कितीतरी अधिक भरली. बोटाची किंमत कोणत्या सदरात लिहावी हे मला कोणत्याही महाविद्यालयाने शिकविलेले नाही.

यानंतर मी दुसरी चूक केली. पश्चात्तापाच्या भरात तीन दरपत्रके मागविली आणि सर्वांत कमी दराची, एकाच मापाची, जेलची सुखतळी घाऊक भावाने घेतली. हाताला ती लोण्यासारखी लागत. दोन महिन्यांत टाचेखाली त्यांची पापडी झाली. शिवाय बुटातील मूळचा थर न काढता त्यावरच ती बसविल्याने बूट आखूड झाले व परिचारिकांच्या नखांना इजा होऊ लागली. एका भगिनीने मला स्पष्टच सांगितले, ‘‘साहेब, पहिलेच बरे होते.’’ तेव्हा कुठे मी या विषयातील जाणकारांकडे गेलो.

जाणकार फार दूर नव्हते. अमरावतीचे तपोवन आपणा सर्वांना ठाऊक आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी उभारलेल्या त्या संस्थेने वऱ्हाडातील कुष्ठरुग्णांना आधार दिला. कुष्ठसेवेत ज्यांनी आयुष्य घातले त्यांना तळपायाखालच्या थराचे मोल आपल्या आधी कळले होते. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णाच्या पायाची बोटे मुख्यतः रोगाने ‘झडत’ नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्याने वेदना कळत नाही, माणूस त्याच जागेवर भार देत चालत राहतो, जखम होते, ती चिघळते व बोट जाते. वेदना हा शत्रू नसून पहारेकरी आहे, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. पहारेकरी गेला की त्याचे काम पादत्राणाला करावे लागते. म्हणून कुष्ठरुग्णांच्या चपलांत मायक्रोसेल्युलर रबराचा थर घालण्याची पद्धत रूढ झाली. कुष्ठसेवक त्याला नुसते ‘एमसीआर’ म्हणतात. या रबरात वायूचे असंख्य बारीक, बंद कप्पे असतात. साधा स्पंज भाराखाली चेपून खालच्या कठीण तळाला टेकतो व काही दिवसांनी तसाच चेपलेला राहतो. एमसीआर दबते, भार पसरविते आणि पाय उचलताच पूर्ववत होते.

आमच्या मावशींना कुष्ठरोग नव्हता, मधुमेह होता. परंतु बधिर पायाला जखम होण्याची रीत दोन्हीकडे एकच.

येथे मला माझ्या अज्ञानाची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मऊ म्हणजे सुखकारक, अशी माझी समजूत होती. तळपाय ही मोठी गुंतागुंतीची रचना आहे. एका पायात २६ हाडे असतात, टाचेखाली निसर्गाने दिलेली चरबीची गादी असते आणि टाचेपासून बोटांपर्यंत एक भक्कम पडदा कमानीला ताणून धरतो. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते ती बहुधा या पडद्याच्या दुखण्याने. अतिमऊ सुखतळ्यावर पाय स्थिर राहत नाही. तोल सावरण्यासाठी स्नायूंना अधिक श्रम पडतात. म्हणून सुखतळा अंगठ्याने जोरात दाबून पाहावा. बोट थेट खालच्या कठीण भागाला लागत असेल तर तो आपल्या कामाचा नाही. दाब काढल्यावर खड्डा तसाच राहत असेल तरीही नाही. टाचेभोवती किंचित खोलगट वाटीचा आकार असावा व कमानीखालचा उंचवटा पायाच्या कमानीशी जुळावा, टोचू नये. आतला जुना थर सुटा असेल तर तो काढूनच नवा बसवावा आणि नंतर बुटात बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते की नाही ते पाहावे. न उरल्यास दोष सुखतळ्याचा नसून बुटाच्या मापाचा आहे. तो बूट बदलल्यावाचून गत्यंतर नाही.

खरेदी संध्याकाळी करावी. दिवसभर उभे राहिल्यावर पाय सुजतात. सकाळी बरोबर बसलेला बूट रात्रपाळीच्या शेवटी आवळतो. आपल्या भागातील उन्हाळा पाहता घाम जिरविणारा वरचा कापडी थर व सुती मोजे हवेत. सुखतळे धुतल्यावर सावलीत वाळवावेत. आमच्या एका भगिनीने ते मे महिन्यात गच्चीवर उन्हात टाकले आणि फोमचे असल्याने ते आकसून मुलाच्या मापाचे झाले! पावसाळ्यात भातकुलीची काळी माती बुटाला चिकटून आत ओल धरते, तेव्हा जोड्या दोन असलेल्या बऱ्या.

महागड्या, मापाबरहुकूम बनविलेल्या सुखतळ्यांविषयी अनेक देणगीदार विचारतात. साध्या टाचदुखीत तयार, चांगल्या प्रतीचे सुखतळे बहुधा पुरेसे ठरतात. मधुमेहाने पाय बधिर झालेला असेल, पूर्वी जखम होऊन गेली असेल किंवा पायाचा आकार बदललेला असेल, तर मात्र बाजारातून अंदाजाने काही आणू नये. डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावा. ही तपासणी नायलॉनच्या एका बारीक तंतूने होते. तो टेकवून दहा ग्रॅमचा दाब दिला असता स्पर्श कळतो की नाही एवढेच पाहतात. यंत्र नाही, वीज नाही, खर्च जवळजवळ नाही. आम्ही मावशींची ही तपासणी वेळीच केली असती तर, असे मनात येतेच.

सुखतळ्याकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये, हेही देणगीदारांना सांगणे माझे कर्तव्य आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात सुखतळ्यांनी पाठदुखी टाळता येत नाही असे स्पष्ट दिसून आले. एकाच जागी उभे राहिल्यास पोटरीचे स्नायू स्वस्थ राहतात व रक्त वर ढकलले जात नाही. पायांची सूज आणि फुगलेल्या शिरा यांना ते एक कारण होते. त्यावर उपाय चालणे, टाचा वर-खाली करणे आणि बसणे. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४४ ने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले होते. केरळमध्ये कापडदुकानांतील स्त्रियांनी आंदोलन केल्यावर २०१८ साली दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क आला. तामिळनाडूने २०२१ साली तसाच कायदा केला. आपले रुग्णालय कारखाना नाही आणि दुकानही नाही. पण आपल्या औषधखिडकीत गेल्या वर्षापर्यंत एकही स्टूल नव्हते, कारण ‘बसलेला कर्मचारी बरा दिसत नाही’ असे माझ्याच पूर्वीच्या एका परिपत्रकात नमूद होते. ते परिपत्रक मी रद्द केले आहे.

रुग्णांच्या नातेवाईकांना एक विनंती. कक्षाच्या दारात चपला काढण्याची आपली रीत चांगली आहे, तथापि आपल्यापैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तापलेल्या फरशीवर अनवाणी रांगेत उभे राहू नये. दारापाशी स्वच्छ धुतलेल्या स्लिपर ठेवल्या आहेत, त्या वापराव्यात. घरीही ओट्यापाशी तासन्‌तास अनवाणी उभ्या राहणाऱ्या भगिनींनी पायाखाली निदान एक जाड रबरी पट्टी घ्यावी.

विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव असा आहे. येत्या वर्षापासून सुखतळ्यांची तरतूद ‘किरकोळ’मधून काढून ‘कर्मचारी आरोग्य’ या स्वतंत्र सदराखाली असावी. खरेदी न्यूनतम दराने न होता ज्याचा पाय त्याच्या मापाने व्हावी आणि सुखतळा चेपला की वर्ष संपण्याची वाट न पाहता बदलून मिळावा. पादत्राणे शिवणारे एक अनुभवी कारागीर दर गुरुवारी दुपारी चारनंतर बाह्यरुग्ण विभागाच्या व्हऱ्हांड्यात बसण्यास तयार झाले आहेत. कागदावर पाय ठेवून ते माप घेतात. पहिले माप त्यांनी आमच्या त्या मावशींचे घेतले. मावशी आता नोंदणीच्या खिडकीत बसून काम करतात आणि मधुमेहाचा रुग्ण आला की केसपेपर देण्यापूर्वी त्याला चप्पल काढून तळवा दाखवायला सांगतात.