वाफेवर वळलेले लाकूड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी छंद-प्रदर्शनाच्या प्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रदर्शनात मांडलेली गलबताची लहान प्रतिकृती पाहून अनेकांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला : या पट्ट्या न मोडता इतक्या वळल्या कशा? त्याचे उत्तर द्यावे, एवढ्याचसाठी आम्ही उभे आहोत. आमची कार्यशाळा म्हणजे घराची मागची गॅलरी. तेव्हा जे सांगणार आहोत ते कोणत्याही घरात करता येण्यासारखे आहे.

लाकूड ही उभ्या तंतूंची जुडी होय. या तंतूंना एकत्र धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. ओल्या लाकडातील लिग्निन उकळत्या पाण्याच्या उष्णतेने मऊ पडते आणि निवल्यावर पुन्हा घट्ट होते. असे मऊ झालेले लाकूड दाबले तर पुष्कळ आखडते. ताणले तर मात्र शेकडा एक-दोनपेक्षा अधिक लांबत नाही. म्हणूनच चीर पडते ती वळणाच्या बाहेरच्या अंगाला. मायकेल थोनेट या जर्मन कारागिराने व्हिएन्नात हे मर्म ओळखले. लाकडी दांड्याच्या बाहेरच्या अंगास धातूची पट्टी घट्ट बांधून त्याने ताण पट्टीवर टाकला आणि लाकडास केवळ दबावयास लावले. १८५९ सालची त्याची १४ क्रमांकाची खुर्ची जगभर गेली ती या युक्तीच्या बळावर.

आपल्या प्रतिकृतीला धातूची पट्टी लागत नाही; थोडे गणित पुरते. २ मिलिमीटर जाडीची पट्टी १० सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर बसवावयाची तर तिच्या बाहेरच्या अंगाला सुमारे १ टक्का लांबावे लागते. तेच वळण ५ सेंटिमीटरचे केले की ताण दुप्पट होतो आणि पट्टी मोडण्याच्या सीमेवर येते. अशा वेळी हाताचा जोर वाढविण्यापेक्षा रंध्याने जाडी निम्मी करणे शहाणपणाचे.

लाकडाची निवड त्याहून महत्त्वाची. गाठ नसावी आणि तंतू पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेले असावेत. तंतू मध्येच काठाबाहेर गेले असतील तर पट्टी नेमकी तेथेच उकलते. भट्टीत कडक वाळविलेल्या लाकडापेक्षा सावलीत, वाऱ्यावर वाळलेले लाकूड अधिक सहज वळते. आपल्या देशात हॉकीच्या काठ्यांसाठी तुतीचे लाकूड नावाजले गेले, ते चिवटपणाबरोबर या वळण्याच्या गुणामुळेही.

आता प्रत्यक्ष कृती. पट्ट्या काही तास पाण्यात भिजत ठेवाव्यात. आखूड पट्ट्यांना स्वयंपाकातून निवृत्त झालेले मोदकपात्र उत्तम. लांब पट्ट्यांसाठी पत्र्याची नळी किंचित तिरपी ठेवून तिच्यात किटलीची वाफ सोडावी. एक गोष्ट आग्रहाने सांगतो : नळीचे तोंड कधीही पक्के बंद करू नये. कोंडलेली वाफ स्फोट करते. वाफेला बाहेर पडावयास वाट हवी, हातांत जाड मोजे हवेत, आणि मुले काम करीत असतील तर जवळ वडीलधारे माणूस हवे.

जाड लाकडास इंचाला एक तास वाफ, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने २ मिलिमीटरच्या पट्टीला पाच मिनिटे पुरतात. बाहेर काढल्यावर मात्र हाती काही क्षणच असतात. पातळ पट्टी फार लवकर निवते. म्हणून साचा, खिळे आणि कपडे वाळत घालण्याचे चिमटे आधीच मांडून ठेवावेत. पट्टी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, न थांबता, एकाच संथ दाबाने साच्यावर बसवावी. सोडल्यावर ती थोडी उलगडतेच. यास्तव साच्याचे वळण हव्या त्याहून किंचित अधिक ठेवावे. पुढे निदान एक दिवस तिला हात लावू नये. ओली पट्टी घाईने चिकटविली तर वाळताना ती आक्रसते आणि दोन पट्ट्यांमध्ये फट राहते.

मंडळाच्या बालविभागात हा उद्योग सुरू करावा, अशी आमची सूचना आहे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी समजते; पण रंधा, पटाशी, कानस, गुण्या हे शब्द त्यांच्या कानांवर पडतच नाहीत. शब्दांची यादी पाठ करून घेतल्याने ते टिकतील असे आम्हांस वाटत नाही. "पटाशी दे," असे कोणी म्हणावे आणि मुलाने ती उचलून द्यावी, म्हणजे शब्द राहतो. आमच्याकडे दोन साचे आणि एक वाफेची नळी आहे. मंडळाने दर रविवारी सकाळी एक खोली द्यावी. उरलेले साहित्य आणि आमचा वेळ आम्ही देऊ.