कार्डाने उघडणारे फाटक आणि गोव्याचा पावसाळा

(भाषणाचा मजकूर)



घराच्या दारावर कोणीतरी जागे असावे, ही गोष्ट कोणाही गृहस्थाला पटवून द्यावी लागत नाही. पूर्वी वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसे. येणाऱ्याचे नाव, गाव व काम तो विचारी, ओळख पटली की अडसर दूर करी आणि कोण आत आले व कोण बाहेर गेले हे ध्यानात ठेवी. आज हेच काम अनेक इमारतींत एक लहानसे कार्ड आणि एक फिरते फाटक करू लागले आहे. टर्नस्टाइल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फाटकाला बहुधा तीन दांड्या असतात. कार्ड दाखविले की दांडी सैल होते, एक माणूस आत जातो आणि पुढची दांडी पुन्हा आडवी येते. मुंबईत वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, तेव्हापासून कार्ड वा टोकन दाखवून फाटकातून जाण्याची सवय तेथील सामान्य प्रवाशांच्या अंगवळणी पडली आहे.

गोव्यातील ग्रामीण तालुक्यांनाही हा विषय आता परका राहिलेला नाही. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. विमानतळावर काम करणाऱ्या प्रत्येकाला प्रवेशपत्र बाळगावे लागते आणि त्याने कोणत्या विभागात जावे व कोणत्या विभागात जाऊ नये, हे त्यावरून ठरते. डिचोलीसारख्या औद्योगिक वसाहतींतही गळ्यात कार्ड अडकवून कामावर जाणारे तरुण-तरुणी आढळतात. ज्या फाटकातून गावातील मुले रोज जा-ये करतात, त्या फाटकाचा स्वभाव गावाला ठाऊक असावा, हे योग्यच होय.

पहारेकऱ्याच्या कामाचे नीट पृथक्करण केले तर त्याचे चार भाग पडतात : ओळखणे, निर्णय घेणे, वाट मोकळी करणे आणि नोंद ठेवणे. यंत्रांच्या व्यवस्थेत हे चार भाग चार निरनिराळ्या वस्तूंकडे जातात. कार्डवाचक यंत्र ओळखते, नियंत्रक पेटी निर्णय घेते, फाटक वाट देते आणि संगणक नोंद ठेवतो. पुष्कळदा या चार वस्तू चार कारखान्यांत तयार झालेल्या असतात. त्यांची एकमेकींशी भाषा जुळविणे हेच या विद्येतील खरे काम आहे. नुसते चकचकीत फाटक विकत घेतल्याने इमारत सुरक्षित होत नाही.

यातील एक मुद्दा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. कार्ड दाखविणे आणि आत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या कामगाराने कार्ड दाखविले, दांडी सैल झाली, परंतु तेवढ्यात डबा विसरल्याचे आठवून तो मागे फिरला, तर तो आत आला असे म्हणता येणार नाही. म्हणून दांडी खरोखर फिरली की नाही, हा निरोप फाटकाने नियंत्रक पेटीला परत पाठविला पाहिजे. अनेक ठिकाणी ही परतीची तार जोडलीच जात नाही. मग बाहेर असलेला मनुष्य आत असल्याची नोंद राहते. आग लागल्यास त्याच्या शोधासाठी जवान विनाकारण धुरात शिरतील. उलटपक्षी, एका कार्डावर दोघे आत गेले असतील, तर दुसऱ्याचा शोध कोणीच घेणार नाही.

जोडणीच्या तारांचीही हीच गोष्ट. जुन्या पद्धतीत कार्डवाचक यंत्र नियंत्रकाकडे केवळ एकेरी निरोप पाठविते आणि तो निरोप उघडा असतो. तार मध्येच कोणी जोडून घेतली तर ती चोरी उघडकीस येत नाही. नव्या पद्धतीत निरोप दुहेरी असतो व सांकेतिक रूपात जातो, तसेच तार तुटल्यास नियंत्रकाला ते तत्काळ कळते. पद्धत कोणतीही असो, निर्णय घेणारी पेटी भिंतीच्या आतल्या बाजूस असावी. तिच्याजवळ परवानगी असलेल्या व्यक्तींची यादी स्वतःपुरती साठविलेली असावी, म्हणजे मुख्य संगणकाशी संपर्क तुटला तरी फाटकाचे काम थांबणार नाही.

आता हवामानाकडे वळू. थंड व कोरड्या देशांसाठी बनविलेले यंत्र गोव्यात जसेच्या तसे बसविले, तर पहिल्याच पावसाळ्यात त्याची परीक्षा होते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. हरमल, मोरजी, मांद्रे या किनाऱ्यांवरून येणारा वारा खारट असतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यात आणि जांभ्या दगडाच्या पठारावर उन्हाळ्यात तांबडी धूळ उडते. पाणी, मीठ आणि धूळ या तिघांची गाठ फाटकाच्या पोटातील बारीक तारांशी पडते.

पाणी वरूनच येते असे समजू नये. जुलै २०२४ मध्ये पेडण्याजवळील कोकण रेल्वेच्या बोगद्यात जमिनीतून पाणी उसळून आले आणि गाड्या खोळंबल्या. ज्या भूमीने एवढ्या मोठ्या बोगद्यात वाट काढली, ती फाटकाखालून तारा नेणाऱ्या नळीत वाट काढणार नाही काय? म्हणून फाटक जमिनीपासून थोड्या उंच, उतरत्या चौथऱ्यावर बसवावे, तारांच्या नळीला पाणी निघून जाण्यास मार्ग ठेवावा आणि तारांचे सांधे नळीच्या तळाशी करू नयेत.

यंत्रपेटीवर आय. पी. या अक्षरांपुढे दोन अंक छापलेले असतात. पहिला अंक धुळीपासून आणि दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण सांगतो. ६५ हा आकडा असेल, तर धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा बसला तरी बाधा होत नाही. तथापि, दमट हवेचे पेटीच्या आत जे दव होते, त्याविषयी हा आकडा काहीच सांगत नाही. वातानुकूलित दालनाच्या दारातील फाटकाची एक बाजू थंड आणि दुसरी उष्ण व दमट असते. तेथे थंड पाण्याच्या तांब्यावर जसे थेंब जमतात, तसेच ते यंत्राच्या पट्टीवर जमतात. त्यासाठी पट्टीवर संरक्षक लेप द्यावा, पेटीला खालून पाणी झिरपण्याचे छिद्र ठेवावे आणि त्या छिद्राला बारीक जाळी लावावी. मुंग्या व पाली यांना अशा उबदार पेट्या फार आवडतात, हे कोणताही वायरमन सांगेल.

पोलादाची निवडही डोळसपणे करावी. बाजारात ३०४ आणि ३१६ या क्रमांकांचे गंजरोधक पोलाद मिळते. दुसऱ्यात मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेला असल्याने खाऱ्या हवेला ते अधिक दाद देत नाही. समुद्राजवळच्या गावात पहिले घेऊन केलेली बचत पुढे तांबूस डागांच्या रूपाने दिसू लागते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, म्हणून उत्तम अर्थिंग आणि विजेचा झटका अडविणारे साधन ही चैनीची बाब नव्हे.

येथपर्यंतचा विचार यंत्र टिकविण्याचा झाला. त्याहून मोठा विचार माणूस वाचविण्याचा आहे.

पावसाळ्यात वीज वारंवार जाते. प्रत्येक वेळी फाटक मोकळे पडले, तर सुरक्षिततेला अर्थ उरत नाही. म्हणून फाटकाला व दारांच्या कुलपांना बॅटरीचा आधार दिला जातो. हे योग्यच आहे. परंतु येथेच एक धोका दडलेला असतो. वीज गेली की चुंबकीय कुलूप आपोआप उघडते, या भरवशावर अनेकजण निश्चिंत असतात. बॅटरी जोडल्यानंतर मात्र वीज गेली तरी कुलूप बंदच राहते. आगीच्या वेळी मुख्य वीज तोडली जाईल, अंधार होईल, धूर कोंडेल आणि बॅटरी इमानेइतबारे दार बंद ठेवील! म्हणून वीज जाणे व आग लागणे हे दोन प्रसंग यंत्राला वेगवेगळे समजले पाहिजेत. साध्या भारनियमनात फाटकाने बॅटरीवर चालावे. आगीची घंटा वाजताच मात्र त्या घंटेपासून थेट आलेल्या तारेने, संगणकाच्या अनुमतीची वाट न पाहता, बॅटरीसह सर्व कुलपांचा पुरवठा तुटावा, फाटकाच्या दांड्या खाली पडाव्यात आणि सर्व वाटा बाहेरच्या दिशेने मोकळ्या व्हाव्यात. जवळच हाताने दाबावयाचे बटणही असावे.

हा विचार केवळ पुस्तकी नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत ५९ जण मृत्यू पावले. बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये बार्देश तालुक्यातील हडफडे येथील नाइटक्लबला आग लागून २५ जणांचे प्राण गेले आणि बाहेर पडण्याच्या अपुऱ्या वाटांचा प्रश्न साऱ्या गोव्यापुढे उभा राहिला. डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे श्री लईराई देवीच्या जत्रेत ३ मे २०२५ च्या पहाटे चेंगराचेंगरी होऊन भाविकांना प्राण गमवावे लागले. या दुर्घटनांना कार्डाची फाटके कारणीभूत नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण गर्दीला अरुंद वाट मिळाली की काय होते, हे त्यांनी दाखवून दिले आहे. फिरते फाटक ही तर मुद्दाम अरुंद केलेली वाट आहे. म्हणून त्याला संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग कधीही मानू नये. त्याच्या शेजारी बाहेरच्या बाजूस उघडणारे, आतून किल्लीविना उघडता येणारे रुंद दार असलेच पाहिजे आणि त्या दारापुढे खुर्च्या, कुंड्या वा खोकी रचू नयेत.

तेच दार रोजच्या व्यवहारातही उपयोगी पडते. तीन दांड्यांच्या फाटकातून चाकांची खुर्ची जात नाही. तिला निदान ९० सेंटिमीटर रुंदीची वाट लागते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आहे आणि सार्वजनिक इमारतीत सुलभ प्रवेश हा उपकार नसून अधिकार आहे. कडेवर मूल घेतलेली माता, काठी टेकीत आलेले आजोबा, हातात ओली छत्री आणि काखेत कागदांची पिशवी घेतलेला शेतकरी यांच्याजवळ कार्ड नसते, पण काम असते. शासकीय कार्यालयात असे फाटक बसविले तर पाहुण्यासाठी तात्पुरते कार्ड, बसावयास बाक आणि विचारपूस करणारा एक माणूस यांची तरतूद त्याबरोबरच करावी. फाटकाने अनोळखी माणसाला अडवावे, नागरिकाला नव्हे.

आणखी एक जबाबदारी आहे. कोण किती वाजता आला व गेला, ही नोंद त्या माणसाच्या खाजगी आयुष्याचा भाग असते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली देशात कायदा झाला. ही नोंद कशासाठी घेतली जाते, किती दिवस ठेवली जाते आणि कोण पाहू शकतो, हे कामगाराला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. हरवलेले कार्ड त्याच दिवशी रद्द करणे आणि आपले कार्ड दुसऱ्यास न देणे, ही कामगाराची बाजू.

यास्तव अधिकाऱ्यांनी अशा यंत्रणेची निविदा काढताना फाटकाच्या किमतीबरोबरच परतीची तार, आगीच्या घंटेची थेट जोडणी, पोलादाचा क्रमांक आणि पावसाळ्यापूर्वीची देखभाल या अटी लेखी घालाव्यात. बॅटरीवरही लक्ष ठेवावे. २५ अंश सेल्सियसच्या वर सुमारे दर दहा अंशांना शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, म्हणून ती तापत्या पेटीत कोंडू नये. शिक्षकांनी मुलांना एखादा कारखाना दाखविण्यास नेले, तर यंत्राच्या नवलाईबरोबर बाहेर पडण्याचे दारही दाखवावे. ग्रामस्थांनी आपल्या मुलांना एवढेच विचारावे : आग लागली तर तुमचे फाटक उघडते का, आणि ते उघडल्याचे तुम्ही कधी पाहिले आहे का?

या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळत नाही. ते सरावानेच मिळते. वर्षातून दोन वेळा, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर श्रावणात, मुख्य वीज बंद करून आगीची घंटा वाजवावी. सर्व फाटके मोकळी झाली, रुंद दार एका हाताने उघडले आणि मैदानात जमलेल्या माणसांची संख्या यंत्रातील नोंदीशी जुळली, तर यंत्रणा खरोखर जोडली गेली आहे असे समजावे. यांपैकी एक गोष्ट जरी चुकली, तरी दुरुस्ती त्याच दिवशी हाती घ्यावी.