एकाच विचाराचे दोघे

परस्परविरोधी विचारांतून एक निवडणे सोपे. एकाच विचाराच्या दोघांतून एक निवडताना मतदाराचा कस लागतो. २०१२ साली टेक्सासमधील रिपब्लिकन मतदारावर तो प्रसंग आला. तेथे उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवीत नाहीत. ‘प्रायमरी’त मतदारच ठरवितो. सिनेटच्या उमेदवारीसाठी एकीकडे लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिड ड्यूहर्स्ट, राज्यकारभारात मुरलेले. दुसरीकडे वकील टेड क्रूझ, पूर्वी कोणत्याही पदावर निवडून न आलेले. करकपात, गर्भपात, शस्त्र बाळगण्याचा हक्क, यांवर दोघांत फारसा मतभेद नव्हता. मग मत द्यावे ते अनुभवाला की आवेशाला? ड्यूहर्स्ट तडजोडी करतात, हा ‘टी पार्टी’चा आक्षेप. वस्तुतः ज्याला सभागृह चालवायचे त्याला तडजोड चुकत नाही. पण आवेशाला हे पटावे कसे!

मे महिन्यात ड्यूहर्स्ट पुढे होते. मात्र निम्म्याहून अधिक मते कोणासच न मिळाल्याने ३१ जुलैला, ऐन उन्हाळ्यात, फेरमतदान झाले आणि क्रूझ जिंकले. राज्यात सव्वा कोटीहून अधिक मतदार; त्या फेरीत मते पडली अवघी अकरा लाख. १९९४ नंतर २०२४पर्यंत तेथे राज्यव्यापी निवडणूक एकाही डेमोक्रॅटला जिंकता आलेली नाही. म्हणजे टेक्सासचा सिनेटर जुलैतच ठरला होता. नोव्हेंबरात रांग लावणाऱ्यांच्या हाती केवळ शिक्कामोर्तब उरले.