फलकावर नसलेली सूचना

(एका विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात महिला दिनानिमित्त केलेले भाषण)



मी साहित्याची विद्यार्थिनी नव्हे. आमच्या संघटनेच्या सल्ला केंद्रावर मी काम करते आणि एका शिक्षणसंस्थेच्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. त्यामुळे आज मी तुमच्या पुस्तकांवर कमी आणि तुमच्या विभागावर जास्त बोलणार आहे.

कार्यक्रमाला थोडी लवकर आले होते, म्हणून जिन्याजवळचा तुमचा सूचनाफलक वाचत उभी राहिले. विभाग जिवंत आहे हे तिथेच कळतं. चर्चासत्रासाठी निबंध मागवले आहेत, पाहुण्या प्राध्यापिकेचं व्याख्यान आहे, एका विद्यार्थिनीची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा आहे, नाटकाच्या तालमी आणि अभ्यास सहलही आहे. मी मात्र आणखी एक कागद शोधत होते. लैंगिक छळाची तक्रार कोणाकडे करायची, समितीवर कोण आहेत, ते सांगणारा. तो नव्हता. विभागप्रमुख बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मुख्य इमारतीत लावलेला आहे." मुख्य इमारत इथून पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे. शिवाय परीक्षेचा अर्ज भरायचा असल्याशिवाय तिकडे कोणी जात नाही.

तुम्हाला वाटेल, एका कागदाचं काय एवढं! म्हणून एका मुलीची हकिगत सांगते. समितीपुढे आलेल्या प्रकरणांबद्दल बाहेर बोलायला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण या मुलीने तक्रार केलीच नाही. तिच्या परवानगीने, तिची ओळख कळणार नाही अशा बेताने सांगते.

दुसऱ्या एका विद्यापीठात ती इंग्रजीत एम.ए. झाली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच. पीएच.डी.ला नाव नोंदवलं. मार्गदर्शक नावाजलेले. आधी रात्री फोन यायला लागले, मग प्रकरण तपासायला घरी येण्याचा आग्रह. पुढे परगावच्या चर्चासत्राला दोघांनीच गाडीने जाऊ, असं सांगितलं गेलं. प्रवासात जे घडलं त्यानंतर ती विभागात फिरकली नाही. विभागात म्हणे बोललं गेलं, "तिला संशोधनात रस उरला नाही."

दोन वर्षांनी ती आमच्या केंद्रावर आली ती स्वतःसाठी नाही, बहिणीच्या पोटगीच्या कामासाठी. बहिणीचे कागद नीट लावून देता देता तिने स्वतःचं सांगितलं. मी विचारलं, तक्रार का नाही केलीस? ती म्हणाली, "ताई, अर्ज इंग्रजीत लिहावा लागला असता. सगळ्यांनी आधी माझ्या इंग्रजीतल्या चुका काढल्या असत्या."

इंग्रजीत एम.ए. झालेली मुलगी हे म्हणत होती! तक्रार कुठल्याही भाषेत करता येते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मला तिला सांगावं लागलं, की तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची असते. न येण्याचं सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. दोन वर्षांनी समितीचं दार बंद झालेलं होतं.

हे दार काही सरकारने आपणहून उघडून दिलेलं नाही. राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवी ही महिला विकास कार्यक्रमाची 'साथिन' होती. बालविवाह थांबवण्याचं सरकारनेच दिलेलं काम ती करत होती. त्याचा सूड म्हणून 1992 साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 साली खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. पण 'विशाखा' आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि 1997 साली कामाच्या जागेसाठी मार्गदर्शक तत्त्वं मिळाली. कायदा व्हायला 2013 उजाडलं. उच्च शिक्षणसंस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे नियम आले. भंवरीदेवीने किंमत मोजली, आणि आपण तो कागद मुख्य इमारतीत लावून मोकळे झालो!

या नियमांत तुमच्या कामाच्या गोष्टी आहेत. आवार म्हणजे फक्त या भिंती नव्हेत. अभ्यास सहल, शिबिर, महोत्सव, त्यासाठी संस्थेने केलेली वाहनाची सोय, हे सगळं त्यात येतं. म्हणजे तुमच्या फलकावरच्या बहुतेक कार्यक्रमांना हा नियम लागू आहे. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीवर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदार मुलीचं काम तपासण्यापासून, गुण देण्यापासून दूर ठेवता येतं. मार्गदर्शकाच्या सहीवाचून जिचं पानही हलत नाही, त्या मुलीला हे माहीत असणं केवढं मोलाचं आहे! लिहिणं जमत नसेल तर लेखी तक्रारीसाठी मदत करणं हे समितीचं काम आहे, उपकार नव्हे. आणि समितीचा आदेश सहज दिसेल अशा जागी लावणं हेही कायद्यातच लिहिलेलं आहे.

आता तुमच्या एका पुस्तकाबद्दल. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपाने आलं. माया पंडित यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 2008 साली आला, आणि तो तुम्ही इथे शिकता असं बाई म्हणाल्या. फलटणला छोटंसं दुकान चालवता चालवता बेबीताईंनी हे लिहिलं आणि कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. पुस्तकात समाजाचं दुःख आहे, नवऱ्याकडून सोसलेला मार नाही. तो त्या इंग्रजी आवृत्तीतल्या मुलाखतीत येतो. का येतो? कारण समोरच्या बाईने विचारलं आणि ऐकून घेतलं.

पुस्तकात काय लिहिलेलं नाही, ते वाचायला तुम्हाला इथे शिकवतात. मग वर्गातली एखादी मुलगी यायची थांबली तर तेही वाचायला हवं. "रस उरला नाही" म्हणून हजेरीपटावर रेघ मारण्याआधी कोणीतरी तिच्या घरी जावं, निदान फोन तरी करावा. शिक्षकांनी समितीचं काम हातात घेऊ नये, चौकशी परस्पर मिटवू तर मुळीच नये. पण तिला विचारावं, आणि तिला बोलायचं असेल तर वाट दाखवावी.

माझं मागणं मोठं नाही. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर इंग्रजीत आणि मराठीत या फलकावर लावा. त्याखाली एक ओळ घाला : तक्रार तुमच्या भाषेत करा. चर्चासत्राच्या आणि सहलीच्या प्रत्येक सूचनेवर सोबत कोण आहे, तक्रार कोणाकडे, हे छापा. मार्गदर्शकांच्या भेटी विभागात, दिवसा होऊ द्या. मार्गदर्शक बदलून मागणाऱ्या मुलीला "कारण काय" असं चारचौघांत विचारू नका.

एवढ्याने छळ थांबेल असं मी म्हणत नाही. कागदाने धीर येत नाही, सोबतीने येतो. पण सोबत कुठे मिळेल हे कागदावर लिहिता येतं. ती मुलगी आता एका शाळेत शिकवते. मी आज इथे येणार हे तिला सांगितलं, तेव्हा तिने एकच विचारलं, "तिथे मराठी माध्यमाच्या मुली आहेत का हो ताई?"

आहेत, हे मला समोर दिसतंच आहे. पुढच्या वेळी येईन तेव्हा आधी फलक वाचेन.