जात जाणार नाही असे कोण म्हणते?



‘जी जात नाही ती जात’ हे वाक्य सकाळच्या परिसंवादात पुन्हा ऐकू आले आणि त्याला टाळ्याही पडल्या. मला त्या टाळ्यांचा राग आला. ‘जाणे’ या क्रियापदाशी जातीचा काडीचाही संबंध नाही. ‘जन्’ म्हणजे जन्माला येणे. त्यावरून संस्कृतातली ‘जाति’ आणि तिच्यावरून आपली जात. कोटी ऐकायला खुसखुशीत आहे, पण माणसांनी रचलेली गोष्ट ती विधिलिखित म्हणून खपवते आणि ऐकणाऱ्याला निर्धास्त घरी पाठवते.

दुसरी पळवाट जास्त शिकलेल्यांची. ते सांगतात, ‘कास्ट’ हा शब्द मुळात पोर्तुगीज, ‘कास्ता’. म्हणजे ही व्यवस्थाच परक्यांनी आपल्यावर लादली. शब्द पोर्तुगीज आहे, कबूल. कूळ, वंश, पैदास हा त्याचा अर्थ. 1901 च्या शिरगणतीत इंग्रज सरकारचा शिरगणती आयुक्त रिस्ले याने जातींची उतरंड मांडली आणि वरची पायरी मिळावी म्हणून जातीजातींचे अर्ज सुरू झाले, हेही कबूल. पण पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 मध्ये. संत चोखोबा त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे पंढरीच्या महाद्वाराबाहेर ताटकळले होते. त्यांना आत कोणी येऊ दिले नाही? लिस्बनहून हुकूम आला होता काय?

गोव्याकडेच बघा. तिथे बाप्तिस्मे झाले, नावे बदलली, देव बदलला. तरी ख्रिस्ती गोवेकरांत बामण, चारडो, सुदीर उरलेच. गावच्या चर्चमधल्या काँफ्रारीत, म्हणजे धार्मिक बंधुमंडळात, कोणाला घ्यायचे, हे कित्येक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या जातीवर ठरत आले. धर्म गेला आणि जात राहिली, कारण सोयरीक जातीतच होत राहिली.

मूळ इथे आहे, आणि ते बाबासाहेबांनी पंचविसाव्या वर्षी दाखवले. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीला चहूबाजूंनी बंद केलेला वर्ग म्हटले. तो बंद ठेवणारी कडी म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. वीस वर्षांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षपद दिले, भाषण आधी मागवून वाचले आणि संमेलनच रद्द केले. न झालेले ते भाषण बाबासाहेबांनी पदरमोड करून छापले. अध्यक्षाच्या जागी उभे राहून मी गोड बोलणार नाही, ते त्यामुळेच.

आता आपल्या या संमेलनाच्या स्मरणिकेची मागची पाने उघडा. उच्चशिक्षित मुलगा, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, पत्रिका पाहणे नाही, ‘आंतरजातीय चालेल’. आणि लगेच पुढे, ‘एससी, एसटी क्षमस्व’. पुढची जाहिरातही तशीच. ही माणसे स्वतःला पुरोगामी समजतात! ज्यांच्यावर दार लोटले त्यांच्याकडेच ती क्षमा मागतात, आणि तीही संस्कृतात. या पानाचे पैसे घेऊन आपण इथे समतेच्या कविता वाचतो. मला हे सहन होत नाही.

म्हणून मी ठराव मांडतो: पुढच्या वर्षीपासून स्मरणिकेत जातीची अट घालणारी एकही वधू-वर जाहिरात छापली जाणार नाही. त्यात जो खर्च अंगावर येईल तो व्यासपीठावरच्या आम्ही सर्वांनी सोसावा. माझा वाटा मी आजच कोषाध्यक्षांकडे देत आहे. या ठरावाला अनुमोदन कोण देते? उभे राहून, नाव सांगून द्या.