डीबीएची नोकरी उरणार का?

(अहिल्यानगर येथे महाविद्यालयीन मुला-मुलींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय मी निवडलेला नाही. मुकुंदनगरमध्ये राहणाऱ्या, बीसीए करणाऱ्या एका मुलीने मला मेसेज केला होता : "भाई, क्लासवाले म्हणतात डीबीएचा कोर्स करा, नोकरी पक्की. यूट्यूबवर म्हणतात डीबीए संपला. अब्बांना फी भरायला सांगू की नको?"

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मी स्वतः दहाएक वर्षं हेच काम केलंय आणि त्यातलं अर्धं काम माझ्या डोळ्यांदेखत गेलंय. त्यामुळे 'हो' म्हणणंही खोटं झालं असतं आणि 'नको' म्हणणंही.

आधी डीबीए म्हणजे कोण ते सांगतो. माझे अब्बा मार्केट यार्डात एका आडत्याकडे दिवाणजी होते. रोजकीर्द, खतावणी, जमा, खर्च, बाकी. त्यांचा एक नियम होता : लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं तर उलटी नोंद करायची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. दुकान बंद करताना वह्या कपाटात जायच्या आणि किल्ली अब्बांच्या खिशात. डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे हेच. बँकेच्या, दवाखान्याच्या, सरकारच्या वह्या आता संगणकात आहेत. त्या कुणी उघडायच्या, कुणी लिहायचं, जळाल्या तर दुसरी प्रत कुठे, ही किल्ली डीबीएकडे.

आता आउटसोर्सिंग. हा शब्द अमेरिकेतल्या माणसाला ऐकू येतो तेव्हा त्याची नोकरी गेलेली असते. आपल्याला ऐकू आला तेव्हा नोकरी आली होती. नगरहून पुणे १२० किलोमीटर. इंजिनिअरिंग झाल्यावर मी तारकपूरहून एसटीने गेलो तो हिंजवडीला रात्रपाळीत लागलो. त्यांचा दिवस, आपली रात्र. रमजानमध्ये सहरी कँटीनमध्ये व्हायची, एका हातात पराठा आणि दुसऱ्या हातात ऑन-कॉलचा फोन.

पहिल्याच वर्षी मला एका अमेरिकन डीबीएकडून काम समजून घ्यायला बसवलं. पन्नाशीचा माणूस. सहा आठवडे रोज फोनवर तो मला वीस वर्षांचं काम शिकवत होता. आपण कुणाला शिकवतोय आणि का, हे त्याला माहीत होतं. शेवटच्या दिवशी त्याने स्वतःची वही स्कॅन करून पाठवली. महिनाअखेरीला कोणतं काम का अडकतं, कोणत्या टेबलला हात लावायचा नाही, सगळं हाताने लिहिलेलं. मी आभार मानले. त्याच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. पहिल्या पगाराची गडबड होती.

काही वर्षांनी तशीच वही लिहायची पाळी माझ्यावर आली. फरक एवढाच की समोर माणूस नव्हता. काम क्लाउडवर चाललं होतं. अ‍ॅमेझॉनने २००९ मध्ये आरडीएस ही सेवा सुरू केली. डेटाबेस बसवणं, पॅच लावणं, रोजचा बॅकअप, डिस्क वाढवणं ही कामं तिथे सेवा म्हणून भाड्याने मिळतात. २०१७ मध्ये ओरॅकलने स्वतःच स्वतःला सांभाळणारा 'ऑटोनॉमस' डेटाबेस जाहीर केला. आमची नऊ जणांची टीम तिघांची झाली. मी चार महिने बेंचवर होतो. घरी सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचो.

तेव्हा मी एक यादी केली : माझ्या कामातलं काय गेलं आणि काय राहिलं? गेलेलं सगळं असं होतं की त्याच्या पायऱ्या कागदावर लिहिता येत होत्या. ज्याच्या पायऱ्या लिहिता येतात ते काम आधी स्वस्त माणसाकडे जातं आणि मग यंत्राकडे. राहिलं ते निर्णयाचं आणि जबाबदारीचं.

एक उदाहरण देतो. गिटलॅब ही कंपनी प्रोग्रामरांचं काम साठवते. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरा काम करताना त्यांच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसला. त्याला वाटलं आपण दुसऱ्या सर्व्हरवर आहोत. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, एकही नीट कामी आली नाही. रोजचा एक बॅकअप तर आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता आणि 'झाला नाही' असं सांगणारे ईमेलही पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत होती, तिने वाचवलं. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, जगासमोर लिहिलं. ते मुळातून वाचा. बॅकअप घेणारं यंत्र मिळतं, पण परत आणून पाहिलाय का, हे विचारणारं माणूस लागतं.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. नगर जिल्हा सहकाराचा. गावोगावच्या बँका-पतसंस्थांमध्ये आपल्या आई-बापांचे पैसे आहेत. छोट्या बँका स्वतःचे सर्व्हर ठेवत नाहीत, बाहेरच्या कंपनीची सेवा घेतात. अशीच सेवा सहकारी आणि ग्रामीण बँकांना पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि ३१ जुलै २०२४ ला एनपीसीआयने तिची यंत्रणा पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरती वेगळी केली. देशभरातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांना फटका बसल्याच्या बातम्या होत्या. तुमचे पैसे अडकले तर तुम्ही कुणाच्या दारात जाता? बाहेरच्या कंपनीच्या नाही, आपल्या बँकेच्या. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटी आउटसोर्सिंगबद्दल जे निर्देश काढले त्यांचा गाभा हाच आहे : काम बाहेर देता येतं, जबाबदारी बाहेर देता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे प्रत्येक संस्थेला आता असं माणूस हवं, ज्याला आपला डेटा कुठे आहे, कुणाच्या हातात आहे, हे कळतं.

तिसरं उदाहरण आपल्या घरातलंच. आपली नावं. एकाच माणसाचं नाव आधारवर 'मोहम्मद', शाळेच्या दाखल्यावर 'महंमद', सातबाऱ्यावर 'मो.'. कुठे शेख आधी, कुठे नंतर. स्कॉलरशिप अडते, पीक कर्ज अडतं. आपण त्यासाठी किती अ‍ॅफिडेव्हिट केली असतील! डेटाबेसच्या भाषेत ही एका माणसाची तीन माणसं झाली. याच्या उलटही होतं : एकाच गल्लीतले दोन शेख इम्रान एक करून टाकले जातात. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही. ज्याने हे भोगलंय त्यालाच हा टेबल कसा बांधायचा ते सुचतं. डेटाचा अर्थ कळणं हे कौशल्य आहे आणि ते तुमच्याकडे आयतं आहे. त्याला तंत्राची जोड द्या.

आता कडू भाग. डीबीए नावाच्या पहिल्या पायरीच्या नोकऱ्या कमी झाल्यात. मला ज्या रात्रपाळीने शिकवलं ती रात्रपाळीच आता फारशी उरलेली नाही. पुण्याच्या मुलाला ओळखीतून इंटर्नशिप मिळते, आपल्याकडे ती ओळख नसते. कधी आडनाव वाचून घर मिळत नाही, हेही मी पाहिलंय. हे सगळं खरं आहे. म्हणून पहिली पायरी आपणच बांधायची.

कशी, ते सांगतो. एसक्यूएल पक्कं करा. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या कल्पनेवर ती भाषा उभी आहे. इतकी उत्पादनं आली-गेली, ती टिकली. पोस्टग्रेस फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं. थोडं लिनक्स, थोडं पायथन, कुठलंही एक क्लाउड आणि त्याचं बिल वाचायची सवय. मग खरा डेटा घ्या. मोहल्ल्यातल्या वाचनालयाची पुस्तकं, काकांच्या गॅरेजची उधारी. परवानगी घेऊन घ्या, जबाबदारीची सुरुवात तिथूनच होते. त्याचा डेटाबेस बांधा, बॅकअप घ्या. आणि एका रविवारी स्वतःच्या लॅपटॉपवरची ती प्रत पुसून टाका. घड्याळ लावून परत आणा. किती वेळ लागला, काय हरवलं, का हरवलं, हे एका पानावर सोप्या इंग्रजीत लिहा. मी मुलाखती घेतो तेव्हा सर्टिफिकेटपेक्षा असं एक पान मला जास्त सांगतं. जाहिरातीत डीबीए हा शब्द कदाचित दिसणार नाही. डेटा इंजिनिअर, क्लाउड डेटाबेस इंजिनिअर, साइट रिलायबिलिटी इंजिनिअर असं काही असेल. आत काम बरंचसं हेच असतं.

तर त्या मुलीला मी शेवटी लिहिलं : "अब्बांना फी भरायला सांगू नकोस. 'नोकरी पक्की' म्हणणाऱ्या कुणालाच भरू नका. तीन महिने हे कर आणि ते एक पान मला पाठव."

परवा तिचं पान आलं. वाचनालयाची ६१२ पुस्तकं, परत आणायला चाळीस मिनिटं, अकरा पुस्तकं हरवली. खाली लिहिलं होतं : "भाई, बॅकअप शुक्रवारचा होता, शनिवारच्या नोंदी गेल्या. आता रोज रात्री घेते आणि आठवड्यातून एकदा परत आणून बघते."

अब्बांना दाखवलं. चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "हिसाब ठीक रखती है."

आता तुमचे प्रश्न.